चार गोलांचा कौल

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो असा : 'अचूक अंदाजामागचं गुपित'. सोबतच्या चिठ्ठीत होतं की, त्या पात्रता सामन्याची हकिकत मात्र जरूर लिहा. भारतीय मुलींचा संघ हरणार, तेही चार गोलांनी, हे तुम्ही दोन दिवस आधी कसं सांगितलंत, याचं वाचकांना अजून नवल आहे.

चार वर्षांपासून लोक मला हेच विचारतात आणि मी हसून विषय बदलतो. आता माझं वय सहासष्ट आहे. मागच्या उन्हाळ्यात छातीत दुखून आठ दिवस दवाखान्यात पडून होतो, तेव्हा हे लिहून ठेवायचं ठरवलं. संपादकांची चिठ्ठी नंतर आली. त्यांना हवा तसा लेख हा होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी एका आश्रमशाळेत एकतीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. शाळा गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या अलीकडे, जंगलाला लागून. मुलं बहुतेक गोंड घरांतली, वसतिगृहात राहणारी. फुटबॉल शिकवायचं कारण साधं होतं. क्रिकेटचं सामान महाग आणि ते दोघांनाच पुरतं. एका फुटबॉलमागे बावीस मुलं पळतात. पावसाळ्यात खेळ बंद. धान कापून झालं की शाळेमागच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोकळ्या व्हायच्या, तेच आमचं मैदान. गोलाचे खांब बांबूचे. जमीन खुंटांनी भरलेली, म्हणून गोलरक्षकाला उडी शिकवताना खाली तणस पसरायचो. तणस म्हणजे धानाचा पेंढा. त्यावर पडलं तर लागत नाही.

अंदाज सांगण्याची सवय मला वडिलांकडून आली. ते शंकरपटाचे शौकीन. पटात बैलजोड्या धावण्याआधी ते मला हाताला धरून जोड्यांजवळ नेत आणि सांगत, "धावणारा बैल फसवते. उभा राह्यते तवा पाह." उभा असलेला बैल कोणत्या पायावर भार टाकतो, कोणता खूर उचलून पुन्हा तिथेच ठेवतो, मान कुठे झुकवतो, हे पाहून ते जोडी सांगायचे. मी तेच पोरांना लावलं. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत संघ रांगेत उभे राहिले की कोण दमलंय, कोण दुखणं लपवतंय, ते मला दिसायचं. अंदाज सांगणं म्हणजे संघ किती चांगला आहे ते सांगणं नव्हे. तो कुठून फाटणार आहे ते सांगणं. हे इतकं सोपं आहे, आणि इतकंच.

तालुक्यातल्या एका छोट्या साप्ताहिकाचे संपादक टेंभरे यांना माझी ही सवय कळली आणि त्यांनी 'कौल' नावाचं सदर सुरू केलं. गावात टीव्ही आले होते, पुढे फोन आले, सामने सगळे पाहू लागले होते. मोठा सामना असला की मी आधीच्या सामन्यांची सुरुवात पाहायचो. राष्ट्रगीत चालू असताना खेळाडू रांगेत उभे असतात, तेवढा वेळ मला पुरे व्हायचा. दहात सहा कौल बरोबर यायचे. चुकलेले चार कोणी लक्षात ठेवत नसे. ते मीही ठेवत नव्हतो.

या सदरामुळे माझ्याकडे नाना तऱ्हेची माणसं आली. बैल घ्यायला सोबत चला म्हणणारे तर कितीतरी. एकदा मुर्रीहून एक गृहस्थ मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो घेऊन आले. मुलगा झाडाला टेकून उभा. म्हणाले, "गुरुजी, उभा कैसा आहे ते पाहून सांगा. टिकंल का?" मी बराच वेळ पाहिलं. म्हटलं, "सगळा भार एकाच पायावर आहे. नवे बूट चावत असतील." ते इतके समाधानी होऊन गेले की लग्न ठरल्यावर पेढे घेऊन आले. गोंदियाच्या बाजारात गेलो की कापडाच्या दुकानातले शेठ ओरडायचे, "मास्साब, कल का बता के जाओ!" मी पुढे निघून जायचो, पण मान ताठ व्हायची, हे खोटं कशाला सांगू?

आता भूमेश्वरीबद्दल.

भूमेश्वरी मडावी पाचवीत आमच्या शाळेत आली. तिचे वडील सोमाजी वनमजूर. आगीच्या दिवसांत वणवा अडवणारी जाळरेषा साफ करायची, रोपवाटिकेत पाणी द्यायचं, आणि पावसाळ्यात स्वतःचं थोडं धान. पोरगी उंच, लांब हातांची. सातवीत तिला गोलात उभं केलं. तणसावर उडी मारताना ती क्षणभर वरच थांबते की काय असं वाटायचं. एकतीस वर्षांत माझा एकही विद्यार्थी विभागाच्या पुढे गेला नव्हता. माझं शेवटचं वर्ष उजाडलं तेव्हा ती दहावीत होती आणि नागपूरला विभागीय निवड चाचणी होती. ही माझी शेवटची संधी होती, हे मला रोज सकाळी उठताना आठवायचं.

चाचणीला सहा दिवस होते. त्या सकाळी जनावरांसाठी तणस गाडीत भरून नेलं होतं. मुली म्हणाल्या, "सर, आज उडी नको." मी म्हटलं, "नागपूरला काय तणस टाकून ठेवणार आहेत?" मी स्वतः उजवीकडे उंच चेंडू मारला. भूमेश्वरी पूर्ण ताणून गेली, चेंडू अडवला आणि खाली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आदळली. बांधीचा तो धुरा वाळून दगडासारखा झाला होता. ती ओरडली नाही. उठून बसली आणि उजव्या खांद्याकडे पाहत म्हणाली,

"सर, माजा हात कोठी गेला?"

खांदा निखळला होता. तिला गोंदियाला नेऊन एक्स-रे काढायला हवा होता. पण तिथले डॉक्टर हात गळ्यात बांधून ठेवणार, हे मला माहीत होतं. मी तिला गाडीवर बसवून शेजारच्या गावी हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. त्यांनी तेल लावलं, पोरीला गोष्टीत गुंतवलं आणि एका झटक्यात खांदा बसवला. मग मला म्हणाले, "गुरुजी, दीड महिना हात खांद्याच्या वर नेवाचा नाई. आन् गोंदियाले नेऊन फोटो काढून घ्या."

मी "हो, हो" म्हटलं.

"हो म्हनून राहिले जी, पर तुमचा ध्यान दुसरीकडंच आहे," म्हातारा म्हणाला.

यात त्या म्हाताऱ्याची काही चूक नाही, हे मला स्वच्छ लिहायचं आहे. मोठ्या डॉक्टरनं जे सांगितलं असतं तेच त्यांनी सांगितलं. ऐकलं नाही ते मी. मुख्याध्यापकांना सांगितलं नाही. सोमाजीला "हात थोडा मुरगळला" असं सांगितलं. आणि सहाव्या दिवशी जर्सीखाली पट्टी बांधून पोरीला नागपूरच्या मैदानावर उभं केलं.

त्या पाच दिवसांत मी तिला एक युक्ती शिकवली. उजवीकडे उंच चेंडू आला की उजवा हात वर न्यायचा नाही; अर्धी वळून डावा हात वरून आणायचा. दिसायला फार डौलदार दिसतं. निवड करणाऱ्यांपैकी एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हा ढंग कुठून शिकवला तुम्ही?" मी मान खाली घातली, त्यांना तो विनय वाटला. भूमेश्वरी निवडली गेली. एप्रिलमध्ये मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणांत सगळे तिच्याबद्दलच बोलले.

ती राज्याच्या संघात गेली, मग देशाच्या शिबिरात. खांदा दोनदा निखळला. तिनं फोनवर सांगितलं, "भिंतीले टेकून मीच बसवून घेतो, सर." मी म्हटलं, "कोणाला सांगू नकोस. इतके दिवस निघाले ना?" शिबिरात जुन्या दुखापती विचारायचे. ती "नाही" म्हणायची, कारण मी तसं सांगितलं होतं.

मग तो सामना आला. वीस वर्षांखालच्या मुलींचा. पात्रता सामना म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरायला मिळावं म्हणून आधी खेळायचा सामना. चार संघांचा गट, त्यातला एकच पुढे जाणार. आपल्या मुलींनी आधीचे दोन सामने जिंकले होते. तिसऱ्यात नुसती बरोबरी पुरे होती. समोर थंड मुलखातल्या उंच मुली. परक्या देशातल्या मैदानावर खेळ होता, आणि भारताच्या गोलात आमच्या शाळेची पोरगी.

जिल्हाभर फलक लागले. टेंभरे घरी आले. "गुरुजी, या बार कौल तं गोडच पायजे. आपली पोट्टी जितन, लिवा ना!"

"मला जे दिसतं ते मी लिहितो."

"अजी, कोन तुमचे दात मोजाले येऊन राहिला? जितन म्हना, हारली तं हारली."

मी ऐकलं नाही. मला वाटलं, सगळे गोड लिहीत असताना खरं लिहिणारा मी एकटा. मी लिहिलं : 'भारत चार गोलांनी हरेल. आपली गोलरक्षक उजवीकडच्या उंच चेंडूला अर्ध्या हातानं जाते. समोरचा संघ उंच चेंडूंचा आहे. आपला संघ तिथून फाटेल.' वाचणाऱ्याला वाटलं, गुरुजींची काय नजर! त्यात नजरेचा भाग काहीच नव्हता. उजवा हात वर का जात नाही हे जगात दोघांनाच पुरतं माहीत होतं, आणि त्यातल्या एकानं ते छापून टाकलं. का जात नाही, ते मात्र लिहिलं नाही.

साप्ताहिक सामन्याच्या दोन दिवस आधी निघालं. सामना दुपारी होता. शाळेच्या सभागृहात मोठा टीव्ही लावला होता. सगळं गाव जमलं. सोमाजी पहिल्या रांगेत, धुतलेला शर्ट घालून. त्यांच्या शेजारी मला बसवलं.

राष्ट्रगीत सुरू झालं. मी तिच्याकडे पाहत होतो. तिचे दोन्ही खांदे सरळ होते, पाय सारखे. खेळ सुरू झाल्यावर मात्र मला काहीतरी वेगळं दिसलं. गोलरक्षकानं दोन खांबांच्या मध्यावर उभं राहायचं असतं. भूमेश्वरी मध्यापासून पुरतं एक पाऊल उजवीकडे सरकून उभी होती. असं मी तिला कधी शिकवलं नव्हतं. त्या एका पावलामुळे डावीकडची बाजू उघडी पडली होती.

पहिला गोल तिथूनच झाला; डाव्या कोपऱ्यात, जमिनीलगत. दुसरा उजवीकडून उंच आला, आणि अर्ध्या हातानं जाऊनही तिचा हात पोचला नाही. मध्यंतरानंतर तिसरा, सरळ अंगावर आलेला चेंडू हातातून निसटला. सभागृहात कोणीतरी मागून ओरडलं, "गुरुजी, तीन झाले! एक बाकी आहे!" लोक हसले. त्यानंतर ते सामना पाहत नव्हते, माझा कौल पाहत होते. शेवटी शेवटी पुन्हा डावीकडून, जमिनीलगत चेंडू गेला आणि चौथा गोल झाला.

तेव्हा सभागृहात टाळ्या वाजल्या.

टाळ्या माझ्यासाठी होत्या. सोमाजी पहिल्या रांगेत बसून होते आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्या पोरीवर झालेल्या गोलासाठी गाव टाळ्या वाजवत होतं. मी हात वर करून थांबवायला हवं होतं. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा हसू होतं. ते मला आठवतं.

गर्दी ओसरल्यावर सोमाजी माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, पोट्टी आज असी काऊन उभी होती जी?"

मी म्हटलं, "दबाव असतो, सोमाजी. एवढा मोठा सामना."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट अंदाज हाच. पुढच्या आठवड्यात मला चौकात शाल आणि श्रीफळ मिळालं. मी ते घेतलं. भाषणात मी पुन्हा तेच म्हणालो : नजर होती, पण पोरगी दबावात आली. मग तो शब्द गावागावांत फिरला. भूमेश्वरी घरी आली तेव्हा हातपंपावर बाया आपसात बोलायच्या, "टीवीसमोर घाबरली म्हने. हातपायच गरले." पुढच्या शिबिराला तिचं नाव आलं नाही. शाळेत मुलींना खेळ शिकवायला मानधनावर माणूस हवा होता. कोणीतरी तिचं नाव घेतलं, तर समितीतले एक जण म्हणाले, "जे सोता घाबरते, ते पोरींले काय शिकवन?" त्या बैठकीला मला बोलावलं होतं. मी गप्प बसलो.

दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली. पोलीस भरतीसाठी खेळाच्या कागदावर सही हवी होती. अंगणात खुर्चीवर बसली, पाणी प्यायली.

"मैदानी चाचणी कशी झाली?" मी विचारलं.

"धावण्यात पयली आली, सर. गोळा जातच नाई. हात वरून फेकाले गेली का खांदा सरकते. रेषेच्या अलीकडंच पडते." ती हे अगदी सहज बोलली. "सही करून ठेवा. दुसरीकडं कोठी खेळाचा कागद चालला तं चालला."

मी सही केली. कागद देताना, का कोण जाणे, विचारून बसलो, "भूमे, त्या दिवशी तू एक पाऊल उजवीकडे का उभी होतीस?"

तिनं कागदाची घडी केली.

"तुमीच तं लिवला होता, सर."

सामन्याच्या सकाळी तिच्या भावानं साप्ताहिकाच्या पानाचा फोटो काढून तिच्या फोनवर पाठवला होता. त्यानं नीट वाचलं नव्हतं; वाटलं, बहिणीबद्दल छापून आलंय, तिला बरं वाटेल. ती नाश्त्याला बसली होती.

"वाचला आन् वाटला, सरनं पेपरात देला म्हनजे आता सामनेवाल्यांलेही मालूम असन. उजवीकडूनच मारतीन. म्हनून सरकून उभी राह्यली."

आमचं साप्ताहिक दोन तालुक्यांच्या पलीकडे जात नाही. त्या परक्या मुलींनी गोंदियाचं नावसुद्धा ऐकलं नसेल. पण एकोणीस वर्षांच्या पोरीला वाटलं की आपल्या सरांनी सांगितलेलं सगळ्या जगाला कळतं. तिला तसं वाटावं, असंच मी तिला वाढवलं होतं.

म्हणजे कौल बरोबर आला तो असा. खांदा मी मोडला, मी लपवला, मी छापला, आणि छापल्यामुळे उरलेली बाजूही मीच उघडी केली. सामना सुरू होण्याआधीच मी तो खेळलो होतो. त्या दिवशीही हे मी कोणाला सांगितलं नाही. तिला फाटकापर्यंत पोचवलं आणि आत येऊन जेवलो.

हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर मी तो घेऊन तिच्या घरी गेलो. तिला न विचारता छापून मी एकदा पाहिलं होतं. सकाळची वेळ होती. बापलेक निंदणाला निघायच्या बेतात होते. मी म्हटलं, "पंधरा मिनिटं द्या." छपरीत बसून मी सगळं वाचून दाखवलं. त्या कच्च्या लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं की, त्या दिवशीचे चारही गोल माझे आहेत. भूमेश्वरीचा त्यात काही दोष नाही.

वाचून झालं. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. सोमाजी पहिल्यांदा बोलले.

"तुमी मले दबाव म्हन्ला होता."

"हो."

"मी घरी येऊन इच्या मायलेबी तेच सांगलो. चार साल आमी इले समजावून राहिलो, भेवू नको, भेवू नको म्हनून." ते उठले, भिंतीला लावलेली टोपली घेतली आणि माझ्याकडे न बघता शेताकडे चालू लागले.

भूमेश्वरी बसून होती. मी वाट पाहत होतो, ती काय म्हणेल याची. रडेल, रागावेल, निघा म्हणेल. माझे सगळे अंदाज चुकले.

"शेवटचं परत वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. चारही गोल माझे आहेत.

"चारही तुमीच घेऊन चालले का, सर?" तिच्या आवाजाला धार होती. "मी का तिथं नुसती खांबासारखी उभी होती? तिसरा माजा होता. सिद्दा पोटावर आला होता बॉल. खांदा नाई, पेपर नाई, काई नाई. पकडाच्या आदी मी समोर पाहाले लागली, कोनाले फेकू म्हनून. सुटला. गोलकीपरच्या हातून सुटते कदीमदी. घाबरून नाई सुटला. तो तसाच लिवा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुमचं तुमी लिवलंच आहे."

"नाव बदलू का तुझं?"

"कायले? नाव तं माजंच खराब झालं ना."

माफीचा शब्द माझ्याही तोंडून निघाला नाही, तिनंही काढला नाही. मी खिशातला पेन काढून ती ओळ तिच्यासमोर खोडली आणि नवी लिहिली. तिनं कागद हातात घेऊन वाचला, परत दिला, आणि विळा उचलून वडिलांच्या मागे गेली.

पहिला, दुसरा आणि चौथा गोल माझा. तिसरा भूमेश्वरी मडावीचा.